सिटी कौन्सिलसमोर तीन मिनिटं: कॅलिफोर्नियात विषय कुठे, कधी आणि कसा मांडायचा

गावच्या ग्रामसभेत उभं राहून बोलता येतं. पुण्या-मुंबईच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मात्र नागरिकाने प्रेक्षक गॅलरीत बसायचं आणि बोलायचं ते नगरसेवकाने. कॅलिफोर्नियातली सिटी कौन्सिल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. थाट महापालिकेचा, पण माइकसमोर उभं राहण्याचा हक्क कोणालाही आहे. मतदार असण्याची अट नाही, नागरिकत्वाची नाही. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्याला बोलता येतं आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांनाही. राज्यातल्या सगळ्या शहरांना लागू असलेल्या राल्फ एम. ब्राउन कायद्यात हे आहे. मूळ कायदा १९५३ चा.

हक्क असूनही लोक हात हलवत परततात, कारण वेळ चुकते. उद्यानातल्या क्रिकेट खेळपट्टीबद्दल बोलायला माणूस साडेसातला पोचतो आणि देखभालीचं कंत्राट सव्वासातला, चर्चेविना, आणखी अकरा विषयांबरोबर एका दमात मंजूर झालेलं असतं. कोणी लपवलेलं नसतं. अजेंड्यावर होतं, फक्त कुठल्या भागात होतं ते पाहिलेलं नसतं.

अजेंडा शुक्रवारीच वाचा

नियमित सभेचा अजेंडा किमान ७२ तास आधी सार्वजनिक ठिकाणी आणि शहराच्या संकेतस्थळावर लागला पाहिजे. सभा मंगळवारी संध्याकाळी सातला असेल (पुष्कळ शहरांचा वार हाच आहे) तर शनिवारी सातपर्यंत. शनिवारी कार्यालय बंद, म्हणून बहुतेक सिटी क्लर्क (सभेचं कामकाज आणि कागदपत्रं सांभाळणारा शहराचा अधिकारी) गुरुवारी किंवा शुक्रवारीच तो लावतात. विशेष सभेला २४ तासांची सूचना पुरते, त्यामुळे क्लर्कच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवणं शहाणपणाचं.

अजेंड्यावरचं एका विषयाचं वर्णन साधारण वीस शब्दांत आटोपतं आणि ते बहुधा कोरडं असतं. खरा मजकूर त्याला जोडलेल्या स्टाफ रिपोर्टमध्ये, म्हणजे शहराच्या अधिकाऱ्यांच्या अहवालात. त्यात तीन गोष्टी शोधा: शिफारस काय आहे, पैसे किती आणि कुठल्या निधीतून, आणि कुठले पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवले. तुमचा मुद्दा त्या बाजूला ठेवलेल्या पर्यायात असेल तर अर्धं काम झालं. तो पर्याय कौन्सिलला नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडच्या सोसायटीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात. इथे ती सोय जवळपास नाही. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिलला निर्णय घेता येत नाही, नीट चर्चाही करता येत नाही. अपवाद फार अरुंद आहे: अजेंडा लागल्यानंतर निकड उद्भवली असेल आणि दोन तृतीयांश सदस्यांनी तसं मान्य केलं, तरच. हा नियम मनात पक्का ठेवला की पुढचं बरंच कोडं सुटतं.

कन्सेंट कॅलेंडर, म्हणजे सगळं चर्चेविना मंजूर होणारी यादी

सभेची सुरुवात हजेरी, ध्वजाची प्रतिज्ञा आणि मेयरच्या प्रोक्लमेशन्सनी, म्हणजे एखादा दिवस किंवा व्यक्ती यांच्या गौरवाच्या जाहीर घोषणांनी होते. दिवाळीचं प्रोक्लमेशन हवं असेल तर ते कित्येक आठवडे आधी क्लर्क किंवा मेयरच्या कार्यालयाकडे मागायचं, त्यासाठी पब्लिक कॉमेंटची, म्हणजे नागरिकांना बोलायला मिळणारी मिनिटं खर्चू नयेत. (फोटो झाला की निम्मं सभागृह रिकामं होतं. राहणाऱ्यांनी पुढच्या रांगेत सरकावं.)

मग येतं कन्सेंट कॅलेंडर. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, देयकांची यादी, खजिनदाराचा अहवाल, ठरलेल्या कामांची कंत्राटं, अनुदान स्वीकारणं, पूर्ण झालेलं काम ताब्यात घेणं, कायद्याचं दुसरं वाचन असे दहा-वीस विषय एकत्र. एक सूचक, एक अनुमोदक, एक मतदान. दोन मिनिटंही लागत नाहीत.

हे असंच असायला हवं. प्रत्येक नळदुरुस्तीच्या बिलावर भाषणं झाली तर सभा पहाटेपर्यंत चालेल. पण याच यादीत कधीकधी पाच वर्षांचं कंत्राट किंवा रस्त्याच्या आखणीचा ठरावही असतो. आपला विषय इथे दिसला तर:

१. सभेच्या दिवशी दुपारपर्यंत एखाद्या सदस्याला लिहा किंवा फोन करा आणि विषय यादीबाहेर काढण्याची विनंती करा. त्यांच्या भाषेत याला 'पुल' करणं म्हणतात. सदस्याने पुल केलेला विषय स्वतंत्र चर्चेला येतो. कुठे लगेच, कुठे सभेच्या अगदी शेवटी.

२. काही शहरांत नागरिकही पुल करू शकतो, काहींत फक्त सदस्य. हे अजेंड्याच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं.

३. पुल झालं नाही तरी मतदानाआधी त्या विषयावर बोलण्याचा हक्क उरतोच. मात्र सबंध कन्सेंट यादीला मिळून एकदाच वेळ देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीन विषयांवर बोलायचं असेल तर तीनदा तीन मिनिटं मिळतील असं धरू नका.

४. बोलायचंय हे कळवणारं स्पीकर कार्ड आधी द्या. मेयर 'कन्सेंट कॅलेंडर?' असं म्हणेपर्यंत क्लर्कच्या हातात कार्ड नसेल तर सूचक-अनुमोदक होऊन जातो.

शहराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पगार मात्र या यादीत नुसता दडवता येत नाही. अंतिम निर्णयाआधी त्याचा सारांश सभेत तोंडी सांगावा लागतो.

कायदा आणि ठराव यांतला फरकही इथे कामाला येतो. ठराव एका सभेत होतो. कायदा, म्हणजे ऑर्डिनन्स, आधी मांडला जातो आणि किमान पाच दिवसांनंतर नियमित सभेत मंजूर होतो; तातडीचा नसेल तर त्यानंतर ३० दिवसांनी लागू होतो. पहिलं वाचन चर्चेसह, दुसरं बहुधा कन्सेंटवर. जोर लावायचा तो पहिल्या वाचनाला. दुसऱ्या वेळी मसुद्यात खरा बदल केला तर तो पुन्हा मांडावा लागतो, म्हणून सदस्य तेव्हा हात लावायला नाखूश असतात.

अजेंड्यावर नसलेला विषय

'पब्लिक कॉमेंट' किंवा 'ओरल कम्युनिकेशन्स' नावाचा वेगळा भाग असतो. शहराच्या अखत्यारीतल्या, पण त्या दिवशी अजेंड्यावर नसलेल्या गोष्टींसाठी. शाळेसमोरच्या क्रॉसिंगला दिवा हवा, गणपती विसर्जनासाठी बागेच्या परवान्याचे नियम स्पष्ट हवेत, वगैरे. नियमित सभेत हा भाग द्यावाच लागतो. विशेष सभेत तो नसतो; तिथे फक्त जाहीर झालेल्या विषयांवर बोलता येतं.

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो. तो कळकळीने बोलतो आणि समोरचे पाच-सात जण ढिम्म. कोणी मान हलवतं, मेयर 'थँक यू' म्हणतात, पुढचं नाव. हा उद्दामपणा नव्हे. वर सांगितलेला नियम आड येतो: सदस्य थोडक्यात उत्तर देऊ शकतो, खुलासा विचारू शकतो, स्टाफकडे विषय सोपवू शकतो किंवा पुढच्या अजेंड्यावर आणायला सांगू शकतो. त्यापलीकडे नाही. म्हणून मागणीही तेवढीच ठेवा. 'हे आजच बंद करा' म्हटलं तर कायद्याने हात बांधलेले. 'वाहतूक विभागाने अमुक चौकाची पाहणी करून अहवाल द्यावा' म्हटलं तर एखादा सदस्य तिथल्या तिथे सिटी मॅनेजरकडे (शहराचा मुख्य प्रशासकीय अधिकारी) वळून तसं सांगू शकतो.

शाळेतला अभ्यासक्रम, परगण्याचं रुग्णालय, व्हिसाचा उशीर हे सिटी कौन्सिलच्या अखत्यारीत येत नाही. शाळांचं मंडळ वेगळं निवडलेलं असतं, त्याची सभा वेगळी.

पब्लिक हिअरिंगचा कायदा निराळा

शेजारी तीन मजली इमारत येतेय, जमिनीचा वापर बदलतोय, असे विषय सुनावणीत येतात. बहुतेक प्रकरणांत किमान १० दिवस आधी नोटीस निघते आणि जागेपासून ३०० फुटांच्या आतल्या मालकांना टपालाने जाते. भाडेकरूंना ती मिळेलच असं नाही. बांधकामाच्या जागेवर फलक दिसला तर त्याचा फोटो काढून प्रकरण क्रमांक टिपून ठेवा.

क्रम बहुधा असा: स्टाफचं सादरीकरण, अर्जदाराचं म्हणणं, नागरिक, अर्जदाराचं उत्तर, मग मेयर सुनावणी बंद झाल्याचं जाहीर करतात. त्यानंतर सदस्यांची चर्चा आणि मतदान. सुनावणी बंद झाल्यावर हात वर करून उपयोग नाही, सदस्याने प्रश्न विचारला तरच तोंड उघडता येतं.

इथे लेखी म्हणणं देणं फार महत्त्वाचं आहे. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर सुनावणीत किंवा त्याआधी लेखी मांडलेले मुद्देच बहुधा ऐकले जातात. तीन मिनिटांत सावली, पार्किंग, सांडपाणी, झाडं सगळं बसत नाही. बोलताना एक मुद्दा घ्या, बाकीचे ईमेलने सभेआधी क्लर्ककडे पोचवा.

माइकसमोर

स्पीकर कार्डवर नाव आणि विषय क्रमांक लिहितात. नाव किंवा पत्ता देणं सभेला हजर राहण्याची अट असू शकत नाही, मात्र नाव नसेल तर क्लर्कला पुकारायला अडचण होते. पत्त्याऐवजी 'मी अमुक भागात राहते' एवढं पुरे, कारण सभा बहुधा चित्रित होते आणि ध्वनिचित्रफीत संकेतस्थळावर राहते. ईमेलही सार्वजनिक दस्तऐवज ठरतो, त्यात फोन नंबर घालू नका.

वेळ साधारण तीन मिनिटं. कार्डं जास्त आली की मेयर ती दोनवर किंवा एकावर आणतात आणि ते कायदेशीर आहे. म्हणून भाषण दोन मापांत लिहा. शांतपणे वाचलं तर मिनिटाला साधारण १३० इंग्रजी शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना जेमतेम ३९०. एका मिनिटाची आवृत्ती आधी लिहा, तिच्यात भर घालून मोठी करा. उलट केलं तर माइकसमोर घाईघाईने काटछाट करावी लागते आणि मागणी सांगायच्या आत लाल दिवा लागतो. पहिल्या वाक्यात विषय क्रमांक आणि तुम्ही बाजूने की विरोधात, दुसऱ्यात नेमकं काय हवं, मग कारण. स्वतःची ओळख लांबवू नका.

आजी-आजोबांनी मराठीत बोलायचं असेल तर जरूर बोलावं. दुभाषाच्या मदतीने बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, म्हणजे तीनऐवजी सहा मिनिटं (एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी उपकरणं शहराने लावली असतील तर हा नियम लागू नाही). घरातलाच कोणी दुभाषा चालतो, पण बोलायला सुरुवात करण्याआधी क्लर्कला सांगा, घड्याळ क्लर्कच लावतात. दर दोन वाक्यांनी थांबा.

मराठी मंडळाचे वीस जण आले म्हणून वीस जणांनी तेच बोलू नये. वीस कार्डं म्हणजे प्रत्येकाला एक मिनिट आणि पाचव्यानंतर कोणी ऐकत नाही. तिघांनी तीन वेगळे मुद्दे घ्यावेत, शेवटच्याने बाकीच्यांना उभं राहायला सांगावं. काही शहरांत आपला वेळ दुसऱ्याला देता येतो. देणारा सभागृहात हजर असावा लागतो.

टीका करायला बंदी नाही, कौन्सिलवर वा स्टाफच्या कामावर कडक बोललात तरी. व्यत्यय मात्र वेगळी गोष्ट: वेळ संपल्यावर न थांबणं, जागेवरून ओरडणं. आधी ताकीद, मग बाहेर. कागद द्यायचे तर व्यासपीठाकडे चालत जाऊ नका, क्लर्ककडे द्या. पाच सदस्यांच्या कौन्सिलला आठ-दहा प्रती पुरतात. झूमवरून बोलण्याची सोय असेल तर फोनवाल्यांनी स्टार-नऊ दाबून हात वर करायचा आणि स्टार-सहाने आवाज सुरू करायचा. घरात सभेचं थेट प्रक्षेपण चालू असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर स्वतःचाच आवाज काही सेकंदांनी कानावर येऊन गोंधळ उडतो.

मतं मोजताना आणि नंतर

पाच सदस्यांच्या सभेला तिघे आले की गणपूर्ती होते. पण स्वतःची सनद (चार्टर) नसलेल्या, राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालणाऱ्या शहरांत ठराव, खर्चाचे आदेश आणि कायदे यांना एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, हजर असलेल्यांचं नव्हे. तिघेच हजर असतील तर तिघांचीही मतं हवीत. दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या की तुमच्या विषयाचे समर्थकच 'पुढच्या सभेला घेऊ' का म्हणतात, ते यावरून कळतं.

सगळ्या सदस्यांना एकच ईमेल पाठवायला हरकत नाही. त्यांनी 'रिप्लाय ऑल' करून आपापसात चर्चा केली तर ती बेकायदा सभा ठरू शकते, म्हणून उत्तर एकेकट्याचं येतं किंवा येतच नाही.

इतिवृत्तात अनेक शहरं वक्त्याचं फक्त नाव आणि मतदानाचा निकाल लिहितात, भाषण लिहीत नाहीत. त्यामुळे बोललेलं लेखी दिलेलं बरं. सदस्याने 'हे परत आणा' म्हटलं असेल तर दुसऱ्या दिवशी क्लर्कला विचारा की ती सूचना म्हणून नोंदली गेली का; काही शहरांत विषय अजेंड्यावर यायला आणखी एका सदस्याचा पाठिंबा लागतो. पैसे लागणारी मागणी असेल तर तारीख बघा. बहुतेक शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अंदाजपत्रकाच्या सुनावण्या मे-जूनमध्ये असतात. तोवर आकडे बहुतेक बसवून झालेले असतात, म्हणून नव्या खेळपट्टीची किंवा दिव्याची गोष्ट जानेवारी-फेब्रुवारीत, आधी पार्क किंवा ट्रॅफिक कमिशनच्या (कौन्सिलला सल्ला देणाऱ्या समितीच्या) सभेत काढायची. तिथे रांग छोटी असते आणि सदस्य प्रश्नही विचारतात.