ओव्हरीचे जर्म सेल ट्युमर: पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी

जर्म सेल ट्युमर म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठी, त्यांचं वर्गीकरण तुम्हाला पाठ असणारच. लातूरचे क्लास करून आलेले तर झोपेतून उठवलं तरी डिसजर्मिनोमा एलडीएच, योक सॅक एएफपी, कोरिओकार्सिनोमा बीटा एचसीजी, अशी ट्युमर अन् त्याचा रक्तातला मार्कर ही जोडी घडाघडा म्हणतात. अडचण तिथं नाहीच, ग्रॉसिंगच्या टेबलावर आहे, म्हणजे गोळा डोळ्यांनी बघून, कापून तुकडे निवडतो तिथं.

परभणी-हिंगोलीकडून पंधरा-अठराची पोरगी येते, पोटात गोळा, आणि घरच्यांना आधी लग्नाचं टेन्शन. गोळा येतो बारक्या बरणीत कोंबून, फॉर्मॅलिन नावाला. आल्या आल्या काप द्या अन् मोठ्या बकेटीत टाका, नाहीतर आतून सडतो, मग स्लाइडवरचा कुठलाच इम्युनो स्टेन नीट लागत नाही.

आता ट्रॅप, मी पण ह्यातच अडकले होते. कापल्यावर सगळं एकसारखं, क्रीम कलरचं, स्लाइडवर मोठ्या पांढुरक्या पेशी अन् मधल्या पट्ट्यांत लिम्फोसाइट, वाटतं डिसजर्मिनोमाच की, झालं काम. पण फॉर्मवर एएफपी लिहिलेलंच नसतं! वॉर्डात फोन लावा. बीटा एचसीजी थोडं वाढलेलं डिसजर्मिनोमात चालतं, एएफपी वाढलेलं चालत नाही. वाढलंय म्हणजे योक सॅक कुठंतरी लपलंय अन् तुम्ही तो तुकडा घेतलाच नाही. परत बकेट काढा, दर सेंटीमीटरला किमान एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), अन् जिथं रक्ताळलेलं, बुळबुळीत, गळालेलं दिसतं तिथून जास्तीचे. कारण नुसता डिसजर्मिनोमा स्टेज वन ए (एकाच ओव्हरीपुरता) असेल तर ऑपरेशननंतर फॉलोअपवर भागतं, योक सॅक निघालं तर बहुतेक वेळा बीईपी किमो (ब्लिओमायसिन, एटोपोसाइड, सिसप्लॅटिन). योक सॅकची ओळख असलेल्या शिलर-डुव्हाल बॉडीची (रक्तवाहिनीभोवती पेशींची रचना) वाट बघत बसू नका, कित्येक केसमध्ये ती सापडतच नाही. इम्युनो स्टेनमध्ये सॅल-फोर दोन्हीत पॉझिटिव्ह येतं, ऑक्ट थ्री-फोर डिसजर्मिनोमात, ग्लिपिकॅन-थ्री योक सॅकमध्ये.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकून 'सर डायग्नोसिस?' विचारणं बंद करा राव, फोटोत न घेतलेला ब्लॉक दिसतो का? त्यापेक्षा शेजारी उभं राहून परत काप द्यायला लावणारे सर किंवा मॅडम धरा, कितीही खेकसले तरी.

इममॅच्युअर टेराटोमाचा (वेगवेगळ्या ऊतींची गाठ, त्यातल्या काही अजून कोवळ्या) ग्रेड इममॅच्युअर न्यूरोएपिथेलियमवरच, म्हणजे कोवळ्या मज्जा-ऊतीवरच. कार्टिलेज कोवळं दिसलं म्हणून ग्रेड वाढवू नका.

घाबरू मात्र नका. हे ट्युमर किमोला छान रिस्पॉन्स देतात, बहुतेक पोरींची दुसरी ओव्हरी अन् गर्भाशय ठेवता येतं. फक्त पाळीच आलेली नसेल किंवा स्लाइडवर गोनॅडोब्लास्टोमा (बहुधा नीट न घडलेल्या ओव्हरीत होणारी गाठ) दिसला तर रिपोर्टमध्ये कॅरिओटायपिंग, म्हणजे क्रोमोसोमची तपासणी, लिहाच, वाय क्रोमोसोम निघाला तर दुसरी बाजू ठेवून चालत नाही.