साबाला जाताना बॅग कशी भरावी

कॅरिबियनमधल्या साबा बेटाची धावपट्टी जेमतेम 400 मीटर, दोन्ही टोकांना समुद्रात कोसळणारे कडे. जेट तिथे उतरूच शकत नाही. शेजारच्या सिंट मार्टेन बेटाहून ट्विन ऑटर हे 19 आसनी छोटं विमान साधारण पंधरा मिनिटांत पोहोचवतं. एवढ्या आखूड पट्टीवर वजनाला फार कमी मोकळीक असते, त्यामुळे भार वाढला की बॅगा मागे राहू शकतात. औषधं, कागदपत्रं, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या छोट्या, मऊ पिशवीतच ठेवा. वारा आडवा सुटला तर उड्डाणच रद्द होतं. म्हणून परतीचं मोठं विमान त्याच दिवशी धरू नका, आदल्या दिवशीच सिंट मार्टेनला मुक्कामाला या. बोटही आहे, पण ती रोज असेलच असं नाही.