शलाकापुरुष ओळखताना या चुका टाळा

शलाकापुरुष म्हणजे जैन परंपरेतले 63 थोर पुरुष. त्यांत बाहुबलींना तीर्थंकर म्हणणं आधी बंद करा. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचे ते पुत्र, केवलज्ञान म्हणजे संपूर्ण ज्ञान झालं, मोक्षालाही गेले, पण तीर्थ म्हणजे साधू-साध्वी-श्रावक-श्राविका असा चतुर्विध संघ त्यांनी स्थापन केला नाही, म्हणून 24 तीर्थंकरांत ते नाहीत आणि 63 शलाकापुरुषांतही नाहीत. त्यांचा भाऊ भरत मात्र आहे, पहिला चक्रवर्ती म्हणून. श्रवणबेळगोळची बाहुबलींची एवढी मोठी मूर्ती बघून लोक ठरवूनच टाकतात की हे तीर्थंकरच असणार.

वेरूळला 32 नंबरच्या लेण्यात एक मुलगा मोबाईलवर रील करत होता, बाहुबलींच्या पायाशी साप दिसले म्हणून "हे पार्श्वनाथ" असं ठोकून दिलं, आणि खरे पार्श्वनाथ तिथेच, डोक्यावर नागफणा, त्यांचा वैरी कमठ याचा उपसर्ग, म्हणजे तपात छळ, चाललाय, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. मी सांगायला गेलो तर म्हणे काका, दोन मिनिटांत सगळं लेणं कव्हर करायचंय. अरे मग येता कशाला! तपात निश्चल उभ्या बाहुबलींच्या मांड्यांवर चढलेल्या वेली दगडात कोरायला त्या कारागिराला किती वेळ लागला असेल, तू जरा थांब तरी.

माझी सवय सांगतो. आधी डोक्यावर बघायचं, मग मांड्या-दंडांवर वेली आहेत का ते, आणि शेवटी मूर्तीच्या बैठकीवरचं लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं ओळखचिन्ह: बैल म्हणजे ऋषभदेव, शंख नेमिनाथ, सिंह महावीर. जुन्या लेण्यांत लांछन सापडेलच असं नाही. आणि फणा दिसला की लगेच पार्श्वनाथ म्हणू नका, सुपार्श्वनाथांनाही असतो, त्यांच्या बहुतेक पाच फणा आणि पार्श्वनाथांच्या सात, पण नुसत्या मोजणीवर जाऊ नका, लांछन असेल तर स्वस्तिक की साप ते बघून घ्या.

रावणाला रामाने मारलं असं जैन कथा सांगताना म्हणू नका. इथे बलदेव आणि वासुदेव हे वीर भाऊ-भाऊ आणि प्रतिवासुदेव त्यांचा शत्रू: राम आठवे बलदेव, लक्ष्मण वासुदेव, रावण प्रतिवासुदेव, आणि प्रतिवासुदेवाला मारतो तो वासुदेवच.

63 ची बेरीज 24 तीर्थंकर, 12 चक्रवर्ती आणि बलदेव-वासुदेव-प्रतिवासुदेव नऊ-नऊ अशी आहे. पाठ करताना शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ दोन्ही याद्यांत येतात, ते चुकून आलेत समजून खोडू नका, ते तिघे चक्रवर्तीही होते.

तीर्थंकर मल्लिनाथांना श्वेतांबर स्त्री मानतात, दिगंबर पुरुष. ज्यांच्या मंदिरात बोलताय त्यांची परंपरा आधी विचारून घ्या.