लंडनच्या रेकॉर्ड दुकानांत नवे इंडी-फोक कलाकार कसे शोधायचे

इंडी-फोक म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचे, लोकसंगीताच्या वळणाचे गाणे. त्यातली नवी नावे ऐकायची तर मोठ्या हॉलपेक्षा रेकॉर्डचे दुकान बरे. गिटार, आवाज, फार तर एखादे व्हायोलिन एवढ्यावर भागणारे हे संगीत रॅकमधल्या चिंचोळ्या जागेतही खुलते. दुकानातल्या अशा कार्यक्रमाला ‘इन-स्टोअर’ म्हणतात. लंडनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आला असाल तर सुरुवातीला दोन दुकाने पुरेत: ब्रिक लेनजवळच्या ओल्ड ट्रूमन ब्रुअरीतले ‘रफ ट्रेड ईस्ट’ आणि किंग्स्टनचे ‘बँक्वेट रेकॉर्ड्स’.

नवे अल्बम जुलै २०१५ पासून शुक्रवारी निघतात आणि ब्रिटनमध्ये चार्टचा (विक्रीच्या क्रमवारीचा) आठवडा शुक्रवार ते गुरुवार असतो. पहिल्या आठवड्यातली विक्री मोजली जाते, म्हणून बरेचसे इन-स्टोअर त्याच दिवसांत लागतात आणि तिकिटाला अल्बम जोडलेला असतो. दुकानांच्या साइटवरचे इव्हेंट्सचे पान आठवड्यातून एकदा, पुढच्या महिना-दीड महिन्यासाठी चाळा. ओळखीची नावे लगेच संपतात, पण आपल्याला हवी आहेत अनोळखी. ज्याचे नाव कधीच ऐकले नाही त्याची दोन गाणी बँडकॅम्पवर (कलाकार स्वतःचे संगीत विकतात त्या साइटवर) ऐका आणि आवडली तर तिकीट घ्या. नुसताच कलाकार पारखायचा असेल तर सीडीचा पर्याय निवडा. तो बहुधा एलपीपेक्षा (मोठ्या तबकडीपेक्षा) बराच स्वस्त पडतो.

इथे दोन घोटाळे नेहमी होतात. एक, साइटवर नुसता अल्बम आणि ‘अल्बम अधिक प्रवेश’ हे वेगवेगळे पर्याय असतात. घाईत पहिला घेतला की दारातून परत यावे लागते. दुसरा, ठिकाण. बँक्वेटचे मोठे कार्यक्रम दुकानात नसतात, जवळच्या क्लबात किंवा चर्चमध्ये असतात. त्यामुळे तिकिटावरचा पत्ता वाचूनच निघा.

अर्धा तास आधी पोचा. गाणे साधारण अर्धा-पाऊण तासच चालते, त्यामुळे उशीर झाला तर निम्मे गेलेच म्हणून समजा. उभे राहायचे ते दोन-तीन रांगा मागे, मधोमध. दारापाशी किंवा गल्ल्याजवळ हलका आवाज गर्दीत विरून जातो. एलपी घेतली असेल तर कार्यक्रम संपेपर्यंत काउंटरवर ठेवता येईल का विचारा, कारण गर्दीत कव्हरचे कोपरे हमखास दुमडतात. सही हवी असेल तर वरचे प्लॅस्टिक आधीच काढा, नाहीतर सही त्या प्लॅस्टिकवरच होते. गुळगुळीत कव्हरवरची शाई मिनिटभर वाळू द्या.

खरा शोध यानंतर सुरू होतो, आणि बहुतेक जण नेमके इथेच घरी निघून जातात. काउंटरवरच्या माणसाला “काहीतरी चांगलं सुचवा” म्हणू नका, त्यातून काही निघत नाही. आवडणारी दोन नावे आणि नको असलेली एक गोष्ट सांगा: “लॉरा मार्लिंग आवडते, धिस इज द किट आवडतो, पण बँजोचा धडाका नको.” एवढ्यावर ही मंडळी हौसेने तीन-चार अल्बम काढून देतात.

मग कव्हरची मागची बाजू आणि आतला कागद वाचा. व्हायोलिन कोणी वाजवले, मागे कोण गायले, निर्माता कोण, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) कोणते. या वर्तुळातले लोक एकमेकांच्या अल्बमवर सर्रास वाजवतात. डिस्कॉग्ज या अल्बमच्या नोंदींच्या साइटवर त्या वादकाच्या नावावर क्लिक केले की त्याने कोणाकोणाबरोबर काम केले ते दिसते. यादीतले एखादे अनोळखी नाव उचला आणि त्याचे एक गाणे ऐका. लेबलही असाच धागा देते: सायमन रेमंड यांच्या ‘बेला युनियन’ने फ्लीट फॉक्सेस हा अमेरिकन बँड ब्रिटनमध्ये आणला, म्हणून या लेबलच्या यादीतली लहान नावेही चाळण्यासारखी आहेत.

एप्रिलमधल्या ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ला, म्हणजे रेकॉर्ड दुकानांच्या वार्षिक उत्सवाला, अनेक दुकानांत फुकट गाणे असते. पहाटेची रांग त्या दिवसासाठी काढलेल्या मर्यादित प्रतींसाठी असते. फक्त ऐकायचे असेल तर त्या दुकानाचे वेळापत्रक बघून दुपारी जा.

आवडलेल्या कलाकाराला बँडकॅम्पवर फॉलो करा आणि पुढच्या तारखा बघा. अल्बमचा आठवडा सरला की ही मंडळी छोट्या जागांत गातात. कॅम्डनमधले ‘ग्रीन नोट’ आणि ‘सेसिल शार्प हाउस’ यांची वेळापत्रके त्यासाठी हाताशी ठेवा. तिथे मुख्य गायकाआधी अर्धा तास गाणाऱ्याचे नाव तिकिटावर बारीक अक्षरांत असते. त्याच्यासाठी वेळेवर जा.