बुरशीचा कुबट वास येतोय, पण डाग दिसत नाही?
कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा. तिरप्या उजेडात फुगलेला रंग, काळे-हिरवट ठिपके लगेच उठून दिसतात. सिंकखालचा कोपराही बघाच. साधारण १० चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. आधी गळती बंद करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गॉगल घाला आणि साबणाच्या पाण्याने ओली करूनच घासा. कोरडी खरवडली तर बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, घरभर उडतात. ब्लीचची सहसा गरज नसते. वापरलंच, तर त्यात दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होऊ शकतो. वरून नुसता रंग मारणं ही निव्वळ धूळफेक. यापुढे काही भिजलं तर २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळवा.