हँडलबार कापला आणि हात दुखायचा थांबला

माझी उंची पाच फूट चार इंच, आणि सायकलला कंपनीकडूनच ७८० मिमी रुंदीचा हँडलबार. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर अर्ध्या तासात खांदे भरून यायचे, करंगळीला मुंग्या यायच्या. सीट पुढे-मागे करून पाहिली, हातमोजे बदलले; काही उपयोग झाला नाही.

मग बारच माझ्यासाठी जास्त रुंद आहे का, हे पाहायला जमिनीवर हात टेकून जोर काढायच्या पवित्र्यात आलो आणि तळहातांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजलं: ७३५ मिमी. बार लगेच कापला नाही, हे फार बरं केलं. आधी ग्रिप, ब्रेक आणि गिअरचे लीव्हर दोन्ही बाजूंनी १० मिमी आत सरकवले, आठवडाभर चालवली. मग आणखी १० मिमी. ७४० वर खांदे मोकळे झाले, तरी उतारावर पुढचं चाक ताब्यात राहत होतं.

तेव्हाच बारीक दात्यांच्या करवतीने दोन्ही टोकं कापली आणि कानशीने कडा गुळगुळीत केल्या. बार अॅल्युमिनियमचा होता म्हणून हे घरी जमलं.

मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नव्हत्या. बार स्टेममध्ये (बार धरून ठेवणाऱ्या भागात) जरा पुढे फिरलेला होता, त्यामुळे मनगट वाकत होतं. तो किंचित मागे फिरवला. आता तासभर टेकडीवर असलो तरी करंगळी शाबूत.