पुरुषाच्या छातीतली गाठ: निदानापर्यंत कसं पोहोचायचं

सोलापुरात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. यंत्रमागावर राबणारा माणूस छातीतली गाठ बायकोलाही सांगत नाही, लाजतो. तसं करू नका, आधी सर्जनला दाखवा.

गाठ स्तनाग्राच्या बरोबर मागे, चकतीसारखी आणि दुखरी असेल तर बहुधा गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाच्या स्तनाची कॅन्सर नसलेली वाढ, निघतो. स्पायरोनोलॅक्टोनसारख्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी, यकृताच्या आजारानेही तो होतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. गाठ कडक आहे, स्तनाग्र आत ओढलंय, त्यातून रक्त येतंय किंवा काखेतही गाठ लागतेय, तर एक दिवसही थांबू नका.

आता मला ज्याची काळजी वाटते ते सांगते. एकाच बाजूला, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी, सावकाश वाढणारी गाठ मायोफायब्रोब्लास्टोमा असू शकते. ही दुर्मिळ, साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ आहे. १९८७ साली तिला हे नाव मिळालं. उतारवयातल्या पुरुषांत ती जास्त दिसते. सोनोग्राफीत ती भरीव आणि रेखीव कडेची दिसते, मॅमोग्राफीत सहसा चुन्याचे कण नसतात. पण नुसत्या फोटोवर निकाल देता येत नाही. बारीक सुईने थोड्याच लांबट पेशी येतात आणि रिपोर्ट ‘संशयास्पद’ म्हणून अडकतो. म्हणून जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सीच करायला सांगा. तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्येच हवा. एप्रिलच्या आपल्या उन्हात सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा माझ्यापर्यंत येईस्तोवर खराब होतो.

पुढची पायरी आयएचसी, म्हणजे पेशींत कोणती प्रथिनं आहेत हे रंग देऊन ओळखायची तपासणी. त्यासाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, पुण्याला पाठवावा लागला तरी पाठवा. या गाठीत सीडी३४ आणि डेस्मिन ही प्रथिनं सहसा पॉझिटिव्ह येतात, स्तनाच्या कॅन्सरमध्ये सहसा पॉझिटिव्ह येणारं सायटोकेराटिन मात्र निगेटिव्ह. घोटाळा होतो तो स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासतात त्या ईआर-पीआर या हार्मोन रिसेप्टरवरून. तेही इथे बहुधा पॉझिटिव्ह असतात, आणि तेवढंच वाचून घरचे कॅन्सर धरून बसतात. गाठीचा एक प्रकार तर सूक्ष्मदर्शकाखाली लोब्युलर या स्तनाच्या कॅन्सरसारखाच दिसतो. तेव्हा सायटोकेराटिनचा निकाल हातात आल्याशिवाय स्तन काढायच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. आरबी१ हे प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं दिसलं, तर निदानाला आणखी बळ मिळतं.

निदान पक्कं झालं की गाठ तेवढी पूर्ण काढायची. केमो नाही, रेडिएशन नाही, आणि ती परत होणं फार क्वचित. काढलेली अख्खी गाठ पुन्हा तपासायला द्या. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, दुसरं मत घ्यायचं तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.